दिवसाच्या कामाची आंखणी आणि इंग्रजी भाषा



निगडींत राहणाऱ्या मुलास घड्याळाचें महत्त्व निराळें शिकवावें लागत नाहीं. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर एकामागून एक कारखाने उभे राहिले. १९७२ सालीं नवनगर विकास प्राधिकरण निघालें व निगडीच्या आसपास कामगारांची वस्ती वाढली. तेव्हांपासून येथील कित्येक घरांचा दिवस पाळीच्या वेळेवर चालत आला आहे. असें असूनही कामाची वेळ इंग्रजींत सांगण्याचा किंवा समजून घेण्याचा प्रसंग आला म्हणजे आपले चांगले चांगले विद्यार्थी अडखळतात. ह्याचें कारण एका घडलेल्या गोष्टीवरून सांगतों.

आमचा एक जुना विद्यार्थी चाकणकडील एका कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. इंग्रजी व्याकरणांत त्याचे गुण नेहमीं वरचे. एके दिवशीं वरिष्ठांनीं त्यास लेखी सूचना दिली: ‘चेक द बॉक्सेस अनटिल थ्री. लोड देम बाय फोर.’ त्यानें मनांत भाषांतर केलें: ‘तीनपर्यंत खोकीं तपास; चारपर्यंत गाडींत भर.’ शब्द चुकले नाहींत, परंतु अर्थ चुकला. तीन वाजल्यापासून तो शांतपणें खोकीं भरीत राहिला आणि चार वाजतां थांबला. उरलेलीं उद्यां भरूं, असें त्यास वाटलें. गाडी मात्र चारलाच निघावयाची होती. ती अर्धी रिकामी गेली, आणि त्याची नोकरी थोडक्यांत बचावली. त्या रविवारीं तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “सर, दोन्ही शब्दांचे अर्थ मला ठाऊक होते. मग चूक कोठें झाली?” मला लगेच उत्तर देतां येईना, कारण दोन्ही शब्दांपुढें ‘पर्यंत’ असें फळ्यावर मींच लिहून दिलें होतें.

आपल्या मराठींत ‘पर्यंत’ हा एकच शब्द दोन कामें करतो. ‘चारपर्यंत अभ्यास कर’ म्हणजे चार वाजेतों अभ्यास चालूं ठेव. ‘चारपर्यंत वही आणून दे’ म्हणजे चारच्या अगोदर केव्हांही दे, पण त्यापुढें नको. पहिल्या वाक्यांत क्रिया चालूं राहते. दुसऱ्यांत ती पुरी होते. मराठींत हा भेद क्रियापदावरून व प्रसंगावरून कळतो; इंग्रजींत त्यासाठीं दोन निराळे शब्द आहेत. चालूं राहणाऱ्या कामास ‘अनटिल’ किंवा ‘टिल’, आणि पुऱ्या व्हावयाच्या कामास ‘बाय’. खूण अशी कीं, ‘पर्यंत’ काढून तेथें ‘च्या आंत’ घालून पाहावें. अर्थ न बदलल्यास ‘बाय’ योजावें.

दुसरी जोडी ‘इन’ व ‘विदिन’ ही होय. ‘इन ॲन अवर’ येतों असें कोणी म्हटलें, तर तो तासाभरानें येईल. ‘विदिन ॲन अवर’ म्हटल्यास तास भरण्यापूर्वीं केव्हांही येईल. तसेंच ‘ऑन टाइम’ म्हणजे ठरल्या वेळीं, व ‘इन टाइम’ म्हणजे वेळ टळण्यापूर्वीं. नेमलेलें काम अलीकडे आणणें ह्यासाठीं आपल्या देशांत ‘प्रीपोन’ हा शब्द रूढ आहे. परदेशी मनुष्याशीं बोलतांना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणावें, म्हणजे घोंटाळा होणार नाहीं. रात्रपाळीच्या घरीं आणखी एक दक्षता हवी. आपण ‘सोमवारची रात्र’ म्हणतों, परंतु बारा वाजतांच तारीख बदलते व मंगळवार लागतो. म्हणून मध्यरात्रीच्या सुमाराची वेळ लिहितांना रेल्वेप्रमाणें चोवीस तासांची पद्धत वापरून तारीखही घालावी.

आतां आंखणीविषयीं. रोज सायंकाळीं वहींत तीन रकाने पाडा: काम, लागणारा वेळ, पुरें करण्याची वेळ. कामाचा आरंभ क्रियापदानें करा. नुसतें ‘मॅथ्स’ हें काम नव्हे. ‘सॉल्व्ह फाइव्ह सम्स बाय सेव्हन’ हें काम होय, कारण तें झालें कीं नाहीं हें सांगतां येतें. हेन्री गँट (१८६१–१९१९) ह्या अमेरिकन अभियंत्याच्या नांवानें ओळखला जाणारा तक्ता कारखान्यांतून आजही वापरतात. त्यांत प्रत्येक काम काळाच्या मापावर आडव्या पट्टीनें दाखवितात. तशा पट्ट्या तुम्हीही काढा. पट्टीची लांबी म्हणजे ‘अनटिल’, आणि तिचें टोंक म्हणजे ‘बाय’.

अभ्यासासाठीं पुढील वाक्यांचें इंग्रजी करा: (१) सहापर्यंत खेळ. (२) सातपर्यंत निबंध पुरा कर. (३) बाबा दहापर्यंत झोंपतील. (४) शुक्रवारपर्यंत अर्ज द्यावा. पहिल्या व तिसऱ्या वाक्यांत ‘अनटिल’, दुसऱ्या व चौथ्यांत ‘बाय’ येईल. पालकांस विनंती कीं, मुलांच्या वहींतील तिसरा रकाना त्यांनीं दिवसांतून एकदां पाहावा. पाळीचा अनुभव असलेल्या वडिलांइतका ह्या विषयाचा दुसरा जाणकार शिक्षक मिळणार नाहीं.

असो. तो विद्यार्थी आज त्याच कारखान्यांत आहे. नव्या उमेदवारांस सूचना देतांना ‘बाय’ हा शब्द आला कीं त्याखालीं तो रेघ ओढतो. मींही फळ्यावरचा जुना अर्थ पुसून टाकला आहे.