दौरा एकाचा, प्रवास दोघांचा

नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने परदेशी जाण्याचे प्रसंग आता अनेक कुटुंबांत येतात. पती किंवा पत्नीचा दौरा ठरला की जोडीदारानेही सोबत जावे, हा विचार साहजिकच पुढे येतो. परंतु नियोजन नसेल, तर एक जण दिवसभर बैठकांत आणि दुसरा हॉटेलच्या खोलीत, अशी स्थिती होते. खर्च होतो आणि देश मात्र पाहावयाचा राहून जातो. ज्या देशात रेल्वेचे जाळे उत्तम आहे, तेथे यावर सोपा उपाय आहे. मुक्काम एकाच शहरात ठेवावा आणि तेथून दररोज आगगाडीने जाऊन सायंकाळी परतावे. स्वित्झर्लंडमधील झुरिक हे याचे उत्तम उदाहरण होय.

दोन खाती, दोन हिशेब

अशा प्रवासात पहिली दक्षता हिशेबाची घ्यावी लागते. कार्यालयाचा खर्च व कुटुंबाचा खर्च आरंभापासून वेगळा ठेवावा. जोडीदाराचे विमानभाडे, दोघांच्या वास्तव्यामुळे खोलीच्या भाड्यात पडणारी भर आणि काम संपल्यावर वाढविलेले दिवस हा सर्व खाजगी खर्च ठरतो. वाढीव दिवसांची रजा व परतीच्या तिकिटाची बदललेली तारीख यांना कार्यालयाची लेखी संमती घेतलेली बरी.

परकीय चलनाच्या नियमांतही हा भेद आहे. संस्थेने पाठविलेल्या कर्मचाऱ्याचा, संस्थेनेच सोसलेला खर्च रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेच्या वैयक्तिक मर्यादेत धरला जात नाही. खाजगी प्रवासाचा खर्च मात्र त्या मर्यादेत मोडतो. ही मर्यादा प्रत्येक व्यक्तीस एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलर इतकी आहे. त्यापैकी रोख नोटांच्या रूपाने, स्वित्झर्लंडसारख्या देशासाठी, एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच चलन घेता येते. उर्वरित रक्कम फॉरेक्स कार्डावर न्यावी.

व्हिसा आणि विमा

स्वित्झर्लंड डिसेंबर २००८ पासून शेंगेन व्यवस्थेत सामील आहे. व्हिसा दोघांनाही स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. एकाच्या अर्जात कामकाज हा हेतू, तर दुसऱ्याच्या अर्जात पर्यटन हा हेतू नमूद होतो. जोडीदाराच्या अर्जासोबत विवाह-नोंदणीची प्रत व प्रवासाचा दिनक्रम जोडावा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा दोघांनाही आवश्यक आहे. कार्यालयाने उतरविलेला विमा केवळ कर्मचाऱ्यापुरता आणि केवळ दौऱ्याच्या दिवसांपुरता तर नाही ना, हे आधी तपासून घ्यावे.

एकट्याने पाहण्याचे, दोघांनी पाहण्याचे

स्विस रेल्वेची बहुतेक मार्गांवरील वेळापत्रके दर तासाला त्याच मिनिटावर गाडी सुटेल अशी आखलेली असतात. झुरिक-बर्नसारख्या मुख्य मार्गांवर तर दर अर्ध्या तासाला गाडी असते. त्यामुळे एक गाडी चुकली तरी दिवस वाया जात नाही आणि सायंकाळी ठरल्या वेळी परतणे सहज साधते.

कामाच्या दिवसांत जोडीदाराने जवळची स्थळे पाहावीत. ल्युसर्न सुमारे पाऊण तासावर आहे. तेथून बोटीने सरोवर ओलांडून व्हिट्झनाऊला जावे व दातेरी रुळांच्या रेल्वेने रिगी पर्वतावर चढावे. १८७१ मध्ये सुरू झालेली ही युरोपातील पहिली पर्वतीय रेल्वे होय. उतरताना दुसऱ्या बाजूने आर्ट-गोल्डाऊ येथे आल्यास झुरिकची गाडी मिळते. दुसरा दिवस शाफहाऊझेनजवळच्या ऱ्हाइन धबधब्यास द्यावा. त्याची रुंदी सुमारे १५० मीटर व उंची २३ मीटर आहे. राजधानी बर्न तासाभराच्या आत येते. तेथील जुने शहर १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

दूरचा प्रवास मात्र शनिवार-रविवारसाठी राखून ठेवावा. झुरिकहून सव्वा तासात कूर, आणि तेथून अल्बुला व बर्निना मार्गाने इटलीतील तिरानोपर्यंत जाता येते. हा रेल्वेमार्ग २००८ मध्ये जागतिक वारसा ठरला. गाडी ६५ मीटर उंचीच्या लांडवासर पुलावरून थेट बोगद्यात शिरते आणि पुढे दातेरी रुळाच्या साहाय्याविना २,२५३ मीटर उंची गाठते. जाऊन त्याच दिवशी परतणे दमविणारे असल्याने वाटेत एक रात्र मुक्काम करावा. याच मार्गावर साध्या गाड्याही धावतात. त्यांना विशेष पर्यटक गाडीप्रमाणे आसन-आरक्षण लागत नाही.

दोघांचे पास सारखे नसावेत

येथेच अनेकांचा खर्च वाढतो. दोघांनी एकच पास घेण्याची प्रथा सोयीची वाटली, तरी दोघांचा प्रवास सारखा नसतो. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये रेल्वे, बस व बोटी समाविष्ट असतात; रिगीची रेल्वेही त्यात येते. त्याच्या ‘फ्लेक्स’ प्रकारात प्रवासाचे दिवस सलग असण्याची गरज नसते, ते महिनाभरात केव्हाही निवडता येतात. आठवड्यात चार-पाच दिवस फिरणाऱ्या जोडीदारास हा पास उपयोगी ठरू शकतो. केवळ सुट्टीच्या दोन दिवशी प्रवास करणाऱ्याने मात्र महिनाभर चालणाऱ्या अर्ध्या भाड्याच्या कार्डाचा विचार करावा. त्याचा हिशेब सोपा आहे: मूळ भाड्यांची बेरीज कार्डाच्या किमतीच्या दुप्पट झाली की खर्च भरून निघतो, त्यापुढे बचत होते. समजा, कार्ड १०० फ्रँकचे असेल, तर २०० फ्रँकच्या प्रवासावर बरोबरी होते. प्रत्यक्ष दर व भाडी रेल्वेच्या संकेतस्थळावर पाहून, कागदावर बेरीज करून मगच खरेदी करावी. पास व्यक्तिगत असल्याने प्रवासात पासपोर्ट जवळ बाळगावा.

चलनाविषयी थोडेसे

स्वित्झर्लंडचे चलन फ्रँक आहे, युरो नव्हे. कार्डावर युरो भरून फ्रँकमध्ये खर्च केल्यास सामान्यतः रूपांतराचा जादा आकार पडतो. दुकानातील यंत्राने रक्कम रुपयांत हवी की फ्रँकमध्ये असे विचारल्यास फ्रँकच निवडावे. रुपयांच्या पर्यायात विनिमय दर दुकानाच्या बाजूने ठरविला जातो व तो बहुधा महाग असतो. परतल्यावर उरलेल्या चलनापैकी २,००० डॉलरइतके चलन जवळ ठेवता येते. त्याहून अधिक असल्यास ते १८० दिवसांत बँकेस परत करावे.

दौऱ्याची तारीख कार्यालय ठरविते. त्यातील उरलेला वेळ मात्र कुटुंबाच्या हाती असतो. निघण्यापूर्वी दोघांनी एक सायंकाळ बसून दिनक्रम व खर्च यांची आखणी केली, तर एकाचे काम निर्वेध पार पडते आणि दुसऱ्यालाही तो देश स्वतःच्या पावलांनी पाहता येतो.