ॲप काढले, नोंदी राहिल्या

रायपूर-भिलाई मार्गावरील कुम्हारीसारख्या गावातील एखादा किराणा दुकानदार आज उधारीची वही मोबाइल ॲपमध्ये ठेवू शकतो. गिऱ्हाइकांची नावे, मोबाइल क्रमांक व येणे रकमा बहुधा क्लाउड डेटाबेसमध्ये, म्हणजे दूरच्या संगणक-केंद्रात साठविल्या जातात. त्यामुळे फोनमधून ॲप काढले तरी तेथील नोंदी तशाच राहतात.

नोंद पुसण्याची आज्ञा कशी चालते, हे जाणून घेणे हिताचे आहे. उदाहरणार्थ, गूगलच्या फायरस्टोअर डेटाबेसमध्ये गिऱ्हाइकाची मुख्य नोंद पुसली, तरी तिच्याखालील उपसंग्रह, समजा उधारीच्या रकमा, आपोआप पुसला जात नाही. त्यासाठी ॲपमध्ये वेगळी सोय करावी लागते. नेटवर्क नसताना दिलेली आज्ञा फोनमध्येच थांबते व जोडणी मिळताच पुढे जाते. काही ॲप तर नोंदीवर केवळ ‘रद्द’ अशी खूण करून ती दृष्टीआड करतात.

यास्तव प्रथम हिशेबाची प्रत काढून घ्यावी, नंतर ॲपमधील खाते हटविण्याचा पर्याय वापरावा आणि शेवटी ॲप काढावे. वैयक्तिक माहिती पुसून घेण्याच्या हक्काची तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात आहे. मात्र इतर कायद्यांन्वये जपावयाच्या नोंदींना ती लागू नाही. बँकांना २००२ च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यानुसार व्यवहारांच्या नोंदी पाच वर्षे जपाव्या लागतात. ग्राहकाने विनंती केली तरी त्या मुदतीत कर्मचाऱ्यांना त्या पुसता येत नाहीत.