ठिबक बंद पडले, डेलिली कशी जगवू?

प्रश्न : ठिबकची मोटार जळाली आहे, दुरुस्तीला आठ-दहा दिवस लागतील. ऐन मे महिन्यात डेलिलीच्या कळ्या गळू लागल्या आहेत. काय करावे?
– एक वाचक, रुआबांधा, भिलाई

उत्तर : झाडे मरतील ही भीती आधी मनातून काढा. डेलिलीची मुळे शतावरीसारखी मांसल असतात आणि त्यांत पाणी साठलेले असते. पाणी तुटले की झाड आधी कळ्या सोडते, मग पाने. गड्डा तगून राहतो. फूल तर एरवीही एकच दिवसाचे. म्हणून यंदाच्या बहराचा मोह सोडा, फुलांचे दांडे कापा.

रोज शिंतोडे मारू नका. त्याने मुळे वरच राहतात आणि छत्तीसगढच्या उन्हात भाजतात. आठवड्यातून दोनदा, पहाटे, बादलीने थेट बुंध्याशी द्या. दर चौरस मीटरला आठवड्याचे साधारण 25 लिटर धरा. मुरमाड जमिनीत हेच पाणी तीन वेळांत विभागा. बोट खुपसून माती ओली लागली तर थांबा. पाणी कमीच असेल तर यंदा लावलेल्या रोपांना पहिला मान, जुन्या गड्ड्यांना शेवटी.

भाताचा पेंढा तुमच्याकडे मुबलक मिळतो. त्याचा दोन-तीन इंच थर पसरा, फक्त बुंधा मोकळा ठेवा. दोन रोपांमध्ये साधा भाजक्या मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवला, तर ओल हळूहळू झिरपत राहते. मला हा उपाय ठिबकपेक्षाही भरवशाचा वाटतो.

कोरड्या मातीत खत घालू नका. गड्डे फोडून वेगळे करण्याचे कामही पावसाळा सुरू होईपर्यंत थांबवा.