चमचाभर भुसा, पेलाभर पाणी

पोट साफ होत नाही ही तक्रार घरोघरी असते, पण ती चारचौघांत बोलून दाखवायला संकोच वाटतो. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, मळ कठीण असणे, कुंथावे लागणे, असे महिनोन्‌महिने चालले तर तो जुनाट मलावरोध समजावा. त्यावरचा परिचित उपाय म्हणजे इसबगोल.

हे नाव फारसीतून आले. बी घोड्याच्या कानाच्या आकाराचे, असा त्याचा अर्थ. गुजरात व राजस्थानात हे रब्बीचे पीक आहे. बियांवरचे पातळ टरफल म्हणजेच आपण दुकानातून आणतो तो भुसा.

सोनामुखी आतड्यांना चेतवून रेच घडविते. इसबगोल तसे करीत नाही. तो पाणी शोषून फुगतो आणि त्याचा बुळबुळीत लगदा होतो. हा लगदा फारसा न पचता पुढे सरकतो. त्यामुळे मळ मऊ होतो, त्याचे आकारमान वाढते व आतडे त्याला आपोआप पुढे ढकलते. गुण येण्यास एक ते तीन दिवस लागतात. म्हणजे खरे काम पाण्याचे. भुसा ते पाणी धरून ठेवतो, इतकेच.

माझी आजी निजताना कोरडा भुसा तोंडात टाकून वर घोटभर पाणी पीत असे. रात्री उठून बाहेर जावे लागू नये म्हणून ती पाणीच टाळी. त्रास वाढला, तेव्हा तिने औषधाला दोष दिला. वास्तविक कोरडा भुसा घशात किंवा आतड्यात फुगून अडकण्याचाही धोका असतो. पुढे ती सकाळी पेलाभर पाण्यात भुसा कालवून लगेच पिऊ लागली, दिवसभर पाणीही पिऊ लागली, आणि तिला आराम पडला.

सुरुवात एका चमच्याने करून प्रमाण हळूहळू वाढवावे. पहिले काही दिवस पोटात वायू धरतो. इतर औषधे व इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. गिळण्यास त्रास होत असल्यास तो घेऊ नये. मळात रक्त, वजनात घट, उलट्या किंवा पोटात तीव्र वेदना असल्यास घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे.

घरातील वडीलधाऱ्यांना औषध आणून देताना आपण किंमत विचारतो, ते कसे घेतात हे विचारीत नाही. तेवढे विचारण्याचा संकोच आपण शिकलेल्यांनी तरी सोडावा.