‘घरगुती माल आहे, वहिनी’

‘घरगुती माल आहे, वहिनी. याला भाव कोण देणार?’

किनाऱ्यावरच्या दुकानांना माल पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याने हे वाक्य मला इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी मीच ते मनातल्या मनात म्हणू लागले. त्याचं नाव लिहीत नाही. पण जे घडलं ते लिहिणार आहे, कारण गोव्यात डिचोली-पेडण्यात आज घरोघरी बायका लोणची, सोलं, फणसाची साटं करून विकतात आणि हेच वाक्य ऐकून गप्प बसतात.

खाणी बंद झाल्यावर आमच्या डिचोलीत काय झालं ते वेगळं सांगायला नको. २०१२ साली एकदा, २०१८च्या मार्चमध्ये पुन्हा. खाणीवर चालणारा आमचा टिपर दारात उभा राहिला आणि कर्जाचे हप्ते थांबेनात. हाताशी होतं ते सासूबाईंकडून शिकलेलं आगळ, म्हणजे भिरंडांचा (कोकमांचा) खारवलेला रस. भिरंडं पिकतात ऐन एप्रिल-मे महिन्यात. फळ फोडायचं, गर-बिया काढायच्या, सालींना मीठ लावून बरणीत मुरवायच्या, रोज हलवायच्या. सोलं करायची तर त्याच रसात साली पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवायच्या. वळवाची एक सर चुकवता आली नाही तर सगळ्याला बुरशी. एवढ्या कष्टाच्या मालाबद्दल मला शंका यायचं खरं तर काही कारणच नव्हतं.

ती शंका त्या व्यापाऱ्याने मनात घातली. दर खेपेला बाटली उजेडात धरायची, तिरकी करायची आणि म्हणायचं, ‘तळाला साका दिसतो हो. गिऱ्हाईक परत करतं.’ साक्यापायी बाटलीमागे पाच रुपये कापायचे. कधी रंग उतरलेला, कधी रत्नागिरीकडे याहून स्वस्त मिळतं. मग एकदा, अगदी माझी काळजी असल्यासारखं, ‘तुमचं लेबल गावठी दिसतं, उगाच खर्च करू नका. कोऱ्या बाटल्या द्या, मी बघतो.’ पैसे दोन-दोन महिन्यांनी, तेही उपकार केल्यासारखे. मी रात्री उठून बरणीतलं आगळ चाखायची. बँकेत कर्जाचा अर्ज घेऊन गेले आणि आपल्याला कुठला धंदा जमणार म्हणून तसाच परत आणला. मुद्रा योजनेतलं ‘शिशु’ कर्ज पन्नास हजारांपर्यंत, तारण लागत नाही. ते मागायलाही माझी जीभ उचलेना.

२०२३च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला. पुढे माझी भाची मुंबईला जाताना धारगळजवळच्या एका दुकानातून आगळाची बाटली घेऊन आधी मला दाखवायला आली. ‘मावशी, बघ किती छान पॅकिंग!’ सोनेरी लेबल, किंमत २४० रुपये. मला व्यापारी नव्वद द्यायचा. बाटली उलटी केली. बुडाला काळ्या मार्करने घातलेला बॅचचा आकडा, माझ्याच हातचा. माझ्या पाचाची शेपटी वळते, ती लपत नाही. पण त्याहून जास्त झोंबली ती लेबलावरची इंग्रजी ओळ. भाचीने वाचून अर्थ सांगितला: तळाशी बसणारा साका हे माल अस्सल असल्याचं लक्षण आहे.

ज्या साक्यासाठी माझे पैसे कापले, तोच साका दाखवून तो भाव लावत होता!

फोन केला तर म्हणाला, ‘गिऱ्हाईक माझं आहे, वहिनी. तुम्हाला एकटीला जमणार आहे का?’

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे, ती सगळ्यांना सांगते. मालाला कुणी नावं ठेवली की वहीत लिहायचं, आणि शेजारी लिहायचं की तसं म्हणण्यात त्याचा काय फायदा आहे. मांद्र्याच्या एका हॉटेलातला स्वयंपाकी म्हणाला, सोलकढीला मीठ कमी असलेलं आगळ द्या. त्याला त्यात भाव पाडायचा नव्हता. त्याच्यासाठी वेगळी बरणी घातली, आजही तो घेतो. व्यापाऱ्याची सगळी वाक्यं भाव ठरवायच्या दिवसाचीच निघाली.

आणि लोक नको म्हणाले म्हणजे माल वाईट, असंही नसतं. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर सुरुवातीला घ्यायला शेतकरी तयार नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणायचे. सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षं लागली. जमीन काही विषारी झाली नाही.

कोरी बाटली कुणालाही देऊ नका. लेबल साधं चालेल, पण नाव तुमचं आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक तुमचा. नावाचा ट्रेडमार्क घ्या. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये आहे. हिशेब मांडताना स्वतःची मजुरी धरा. बाटली, मीठ, भिरंडं मोजतो आणि आपले हात फुकट समजतो, तिथेच समोरच्याला भाव पाडायला जागा मिळते.

सगळ्यात महत्त्वाचं, उद्यम नोंदणी. ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. ती असली की २००६च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत, असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत खरेदीदाराने पैसे द्यायचे असतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. मात्र नोंदणी माल देण्याआधीची हवी. नंतर केलीत तर मागच्या बिलांवर वाद निघतो. हे मला कुणी वेळेवर सांगितलं नाही. ‘कागदपत्रांच्या भानगडीत पडू नका, वहिनी’ असं मात्र त्याने आवर्जून सांगितलं होतं.

गेल्या हंगामात त्याचा पुन्हा फोन आला, विमानतळाकडे मागणी वाढली आहे म्हणून. ऑर्डर लेखी द्या, अर्धे पैसे आगाऊ, लेबल माझं, असं मी सांगितलं. घरगुती मालाला एवढ्या अटी कशाला, म्हणाला. शेवटच्या दोन खेपांचे पैसे त्याने अजून दिलेले नाहीत.