मांडीत रॉड आहे, पाय टेकवू द्यावा का?

प्रश्न : माझ्या मुलाच्या (वय २८) मांडीचं हाड दुचाकीच्या अपघातात मधोमध मोडलं. ऑपरेशन करून आत रॉड घातला. दीड महिना झाला तरी एक्स-रेत फट दिसते, आणि डॉक्टर पाय टेकवायला सांगतात. रॉड वाकणार नाही ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : फट दिसते म्हणजे हाड जुळत नाही, हा समज आधी सोडा. मांडीचं हाड भरून यायला साधारण चार ते सहा महिने लागतात. दीड महिन्याचं नवं हाड कोवळं असतं, एक्स-रेत पुसटच दिसतं. जर्मन सर्जन कुंट्शर यांनी १९३९मध्ये रॉड घालण्याची ही पद्धत वापरली, ती रुग्ण महिनोन्‌महिने खाटेवर खिळू नये म्हणूनच. रॉड हाडाच्या पोकळीत असल्यानं भार वाटून घेतो आणि बेतानं दिलेल्या भारानं हाड भरायला चालनाच मिळते. मग रॉड तुटतात कसे, असं विचाराल. तुटतात, पण बहुधा हाड फार काळ न जुळल्यामुळे. मोडलेल्या जागी तुकडे जास्त असतील तर भार उशिरा देतात. तेव्हा किती टेकवायचं हे सर्जनांनाच ठरवू द्या. तंबाखू-सिगारेट पूर्ण बंद. मालीश तर नकोच. पोटरी सुजली, एकाएकी धाप लागली किंवा जखमेतून पू आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा.