शाळकरी मुलांसाठी व्यवसायाचा आराखडा

बेळगाव तालुक्यातील येळ्ळूर हे भातशेतीचे गाव होय. राजहंसगडाच्या परिसरातील हा पट्टा सुवासिक बासमती तांदळासाठी प्रसिद्ध असून बेळगावची बाजारपेठही येथून जवळच आहे. अशा गावातील नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना एखादा लहानसा धंदा करून पाहावा असे वाटले, तर त्यात नवल नाही. परंतु धंद्याची कल्पना आणि धंद्याचा आराखडा यांत मोठे अंतर आहे. ते अंतर शाळेतच समजले, तर पुढे घरची शिल्लक किंवा कर्जाची रक्कम बुडण्याचे प्रसंग टळू शकतात. तोटा व्हावयाचाच असेल, तर तो आधी कागदावर दिसावा, हाच आराखडा लिहिण्याचा मुख्य हेतू आहे.

पाच प्रश्न

किशोरवयीन मुलांसाठी आराखडा वहीच्या एका पानात मावावा. त्यात पुढील पाच प्रश्नांची उत्तरे असावीत :

१. आपण काय तयार करणार किंवा कोणती सेवा देणार?
२. ती कोण विकत घेणार?
३. एकूण खर्च किती येणार?
४. कोणत्या दराने किती माल विकला जाणार?
५. ठरल्याप्रमाणे न घडल्यास काय करणार?

यांपैकी दुसरा प्रश्न सोपा वाटतो. पण तोच अनेकदा अवघड ठरतो. याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले व पुढे लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता; परंतु लोखंडाने जमीन बिघडते असा शेतकऱ्यांचा समज असल्याने पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती या चिकाटीच्या बळावर. चांगल्या मालालाही गिऱ्हाईक आपोआप मिळत नाही, हा धडा विद्यार्थ्यांनी यातून घ्यावा. म्हणून आराखडा लिहिण्यापूर्वी त्यांनी निदान दहा घरे व तीन दुकाने फिरून, लोक सध्या काय घेतात व कोणत्या दराने घेतात, हे विचारून यावे.

हिशेबाचा नमुना

तीन विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत तांदळाचे पापड करून विकण्याचे ठरविले, असे समजू. पुढील आकडे केवळ शिकविण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष दर बाजारातून विचारून घ्यावेत.

तांदूळ १० किलो, दर ५० रुपये : ५०० रुपये
जिरे, तीळ, मीठ, पापडखार : १२० रुपये
दळण : ५० रुपये
जळण : ८० रुपये
पिशव्या व चिठ्ठ्या : १०० रुपये
बेळगावला जाण्यायेण्याचे भाडे : १०० रुपये
एकूण खर्च : ९५० रुपये

मोडतोड वजा जाता ९ किलो पापड हाती आले, तर पाव किलोच्या ३६ पिशव्या भरतील. पिशवीस ४० रुपये दर मिळाल्यास १,४४० रुपये जमा होतील व ४९० रुपये उरतील.

येथेच मुलांची पहिली चूक होते. तांदूळ घरचाच आहे म्हणून ते ५०० रुपये लिहीत नाहीत आणि नफा ९९० रुपये दाखवितात. घरचा तांदूळ फुकट नसतो. तोच तांदूळ बाजारात विकला असता तर त्याचे पैसे आलेच असते. दुसरी चूक श्रमाची. तिघांनी दोन दिवस रोज चार तास काम केले, तर २४ तास होतात. आईने लाटण्यास व वाळविण्यास सहा तास मदत केली, तर एकूण ३० तास झाले. ४९० रुपयांना ३० ने भागले असता तासाला जेमतेम १६ रुपये पडतात. आईचे श्रम हिशेबात न धरण्याची आपल्या घरांतील जुनी सवय या एका भागाकाराने उघडी पडते.

आता पाचवा प्रश्न घ्यावा. २४ पिशव्या विकल्यावर खर्च भरून निघतो. दुकानदाराने ३२ रुपये दराने सर्व माल घेतला, तर २०२ रुपयेच उरतात. दहा पिशव्या उधारीवर गेल्या, तर तेवढे ४०० रुपये हाती येईपर्यंत पुढच्या खेपेचे सामान कशाने आणावयाचे, याचाही विचार आधीच झाला पाहिजे.

शिक्षक व पालकांसाठी

१८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करू शकत नाही. म्हणून मुलांच्या उपक्रमासाठी कर्ज काढू नये. भांडवल लहान असावे व व्यवहार पालकांच्या देखरेखीखाली व्हावेत. खाद्यपदार्थ नियमितपणे विकावयाचे असल्यास अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील नोंदणी पालकांनी किंवा बचतगटाने करावी. पुढे सज्ञान झाल्यावर २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेसारख्या योजनेतून कर्ज मागताना शाळेतील हा सराव निश्चितच उपयोगी पडेल.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन करून, प्रत्यक्ष काम करीत शिकण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. गणिताचा एक तास व एक आठवडी बाजार एवढ्या सामग्रीवर तशी सुरुवात कोणत्याही शाळेला करता येईल. शिक्षकांनी मात्र नफ्याचा आकडा पाहून गुण देऊ नयेत. हिशेबाचा खरेपणा पाहून द्यावेत. "हा धंदा परवडत नाही" असा निष्कर्ष एखाद्या मुलीने आकडे मांडून काढला, तर तिचा आराखडा यशस्वी झाला असेच मानावे. दर वाढवावा, खर्च घटवावा की कल्पनाच बदलावी, हे ती आता स्वतः ठरवू शकेल. गावातील उद्याचे उद्योग अशाच जागरूक हातांनी उभे राहावयाचे आहेत.